शिवी दिली म्हणून देव जातो का?

गेल्या चौदा एप्रिलला वालचंदनगरजवळच्या आमच्या वस्तीवर रात्री कवितावाचन झालं. मीही एक कविता वाचली. तिच्यात देवाला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शिव्या होत्या. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. एक कार्यकर्ता माईकवर येऊन म्हणाला, याला म्हणतात विद्रोह! मी घरी आलो आणि मला झोप लागली नाही. त्या कवितेत काहीतरी खोटं होतं. काय खोटं होतं ते सापडायला मला तीन महिने लागले. ते सांगावं म्हणून हा लेख लिहितोय. दुसऱ्याच्या कवितेची समीक्षा करणं सोपं असतं, म्हणून सुरुवात स्वतःपासून.

आधीच सांगून टाकतो, मी नास्तिक आहे. देव, आत्मा, नशीब, मागचा जन्म, पुढचा जन्म यातलं काहीही मी मानत नाही. तेव्हा हा गडी देवाची वकिली करायला उभा राहिला, असं कुणी समजू नये. माझं भांडण देवाशी नाही. आपल्या कवितेशी आहे.

कविता कशावर होती ते सांगतो. नीरेच्या या पट्ट्यात साखर कारखाने बरेच आहेत. त्यातल्या एकात मी मिल हाऊसला कामाला होतो. जानेवारीत, ऐन गळितात, रात्रपाळीला आमचा एक माणूस गेला. मी त्याला मामा म्हणायचो. ठेकेदाराचा माणूस, कायम यादीत नव्हता. बगॅसच्या पट्ट्याखाली झाडताना त्याचा सदरा फिरत्या रोलरमध्ये गुंतला आणि त्याच्याबरोबर हात ओढला गेला. त्या ठिकाणी लोखंडी जाळी असायला पाहिजे होती. आमच्याकडं तिला गार्ड म्हणतात. दुरुस्तीसाठी काढलेली जाळी महिनाभर भिंतीला टेकवून ठेवली होती. आम्ही सगळे ती रोज बघत होतो. मीही बघत होतो. जेवणाचे डबे आम्ही तिलाच अडकवत होतो.

मामा गेल्यावर काय झालं? एकजण म्हणाला, "त्याची येळ भरली हुती." दुसरा म्हणाला, "औंदा गव्हाणीत मोळी टाकताना मुहूर्तच चुकला." साहेब म्हणाले, "देवाच्या मनात होतं, आपण काय करणार?" चौथ्या दिवशी मिल हाऊसमध्ये शांत केली, त्यापाठोपाठ सत्यनारायण. माणशी पन्नास रुपये वर्गणी. मी दिली नाही, प्रसादही घेतला नाही, आणि त्याबद्दल मला माझा मोठा अभिमान वाटला. जाळी तिथंच भिंतीला होती. तिच्यावर कुणीतरी हळदकुंकवाची बोटं ओढली होती, एवढाच फरक.

त्या रागात मी कविता लिहिली. देवा, तू खुनी आहेस. देवा, तुझे हात रक्तानं भरलेत. असं बरंच काही. लिहून झाल्यावर हलकं वाटलं. आणि दोस्तहो, तिथंच घोटाळा झाला. साहेब म्हणत होता, देवानं नेलं. मी म्हणत होतो, देवानं मारलं. दोघांच्या वाक्यातला कर्ता एकच! साहेबानं त्याला हात जोडले, मी त्याच्यावर हात उगारला. जाळीला हात दोघांनीही लावला नाही. माझ्या चाळीस ओळींच्या कवितेत ती जाळी नव्हती, ठेकेदार नव्हता, आणि त्या जाळीला डबा अडकवणारा मी तर नव्हतोच नव्हतो. जो नाही त्याच्यावर मी खून लादला, आणि जे आहेत ते सगळे सुटले. माझी कविता हासुद्धा एक सत्यनारायणच होता. फक्त त्यात प्रसादाऐवजी शिव्या वाटल्या होत्या.

रिकाम्या घरावर कुणी दगड मारत नाही. आपण मारतो, याचा अर्थ आत कुणीतरी राहतं असं आपल्याला अजून वाटतं. आपल्याकडं येणाऱ्या कवितांचा गठ्ठा काढून बघा. निम्म्या कवितांत देवाला उद्देशून बोलणं आहे. तू असं का केलंस, तू कुठं होतास, तू आमच्या बाजूनं का नाहीस. हे बोलणं नास्तिकाचं नाही. हे रुसलेल्या भक्ताचं आहे.

यावर कुणी म्हणेल, मग आपल्या आधीच्या कवींनी केलं ते चूक का? नाही. देवाला शिवी आपल्या कवितेत हौसेनं आली नाही. तिच्यामागं हिशेब आहे. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. काही वर्षं तो लढा चालला, डोकी फुटली, दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने राहिले होते, आणि विठ्ठलाच्या पायाशी कुणी जायचं याचा वाद चालूच होता. अशा घरातून आलेली पोरं लिहायला लागली तेव्हा त्यांच्या तोंडातून स्तोत्र निघणार होतं का? बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ, दया पवार या पिढीनं मराठीची जीभ सोडवली. 'गोलपिठा' १९७२ ला आला. त्या वेळी ती शिवी पहिल्यांदा छापली जात होती आणि देणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागत होती. आज मी देतो तेव्हा टाळ्या मिळतात. ज्या शिवीला टाळ्या मिळतात ती शिवी राहत नाही. ती आरती होते.

दुसरीकडं शहाण्यासुरत्यांचा नास्तिकपणा आहे. डॉ. श्रीराम लागू सांगायचे की देवाला आता निवृत्त करा. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आपली लोकप्रियता पणाला लावून भर सभेत हे बोलायला छाती लागते. महाराष्ट्रात अशा बोलण्याची किंमत काय असते ते २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दिसलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी तर देव नाही असं म्हणाच, असा हट्टही धरला नव्हता. देवाच्या नावानं जी लूट आणि फसवणूक चालते, तिला ते विरोध करत होते. तरी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या खुनानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला.

पण लागूंचा रस्ता आणि आपला रस्ता एक नाही. निवृत्त कुणाला करतात? ज्यानं चाकरी केली त्याला. आपली चाकरी देवानं कधी केली? ज्यांना देवळात जाता येत होतं ते विचार करून बाहेर आले. आपल्याला तर आत कधी घेतलंच नव्हतं. म्हणून आपल्या नकारात विचाराच्या आधी अपमान येतो. अपमान खरा आहे. पण नुसत्या अपमानावर उभं राहिलेलं नास्तिकपण एक दिवस दार उघडलं की आत पळतं. आपल्यातली किती माणसं पळाली ते तुम्ही बघताय. विहारात बुद्धाला नवस बोलणारे बघताय, मनगटावर गंडे बघताय.

भगतसिंगाचं नास्तिकपण मला जवळचं वाटतं. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात त्यानं 'मी नास्तिक का आहे' लिहिलं. वय तेवीस, माझ्यापेक्षा लहान. सोबतचे म्हणत होते, तुला गर्व झालाय. त्यानं चिडून उत्तर दिलं नाही, एकेक मुद्दा घेऊन दिलं. पुढं फाशी दिसत होती. स्वर्ग नाही, पुनर्जन्म नाही, बक्षीस नाही हे माहीत असून माणूस दुसऱ्यासाठी मरायला तयार होता. देवाशिवाय नीती टिकत नाही म्हणणाऱ्यांना एवढं एक उदाहरण बास आहे.

आता चोखोबांकडं येतो. दरवर्षी आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आपल्या तालुक्यातून जाते, बेलवाडीला रिंगण होतं. आमची आय दर्शनाला जाते. तिच्याबरोबर लहानपणी मीही गेलोय, आणि चोखोबांची गोष्ट तिथंच ऐकलीय. मंगळवेढ्याला भिंतीचं काम चाललं होतं. भिंत कोसळली, मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा गेले. नामदेव आले आणि ढिगाऱ्यातलं एकेक हाड कानाला लावून बघायला लागले. ज्या हाडांतून विठ्ठल ऐकू आला ती चोखोबांची. ती पंढरपूरला आणून महाद्वारापाशी समाधी बांधली.

मामा गेल्यावर ही गोष्ट मला वेगळीच ऐकू यायला लागली. त्या भिंतीखाली चोखोबा एकटे नव्हते. बाकीची हाडं कुणाची होती? जी हाडं काही बोलली नाहीत त्यांचं काय झालं? त्यांच्या घरी कोण गेलं? आणि भिंत का पडली, वेठीला कुणी आणलं होतं, हे एकाही कीर्तनकारानं मला आजवर सांगितलं नाही. सातशे वर्षं आपण हाडातला विठ्ठल ऐकतोय, भिंतीबद्दल विचारत नाही. चोखोबांचा अवमान करायला मी हे लिहीत नाही. बाबासाहेबांनी १९४८ चं अस्पृश्यांवरचं आपलं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलंय. चोखोबा आपले आहेत. म्हणूनच त्यांच्यावर पडलेल्या भिंतीची चौकशीही आपण करायला पाहिजे.

इथं मला बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाबद्दल बोलायचंय. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ ला निघाला. आपल्या प्रत्येक विहारात तो असतो. बऱ्याच ठिकाणी तो फुलाखाली असतो, वाचला जात नाही. मी शाळा नववीत सोडलेला माणूस. मी तो डिक्शनरी जवळ घेऊन, रात्रपाळीच्या सुट्टीत, दोन वर्षं वाचला.

त्यात सुरुवातीलाच बाबासाहेब एक धाडस करतात. सिद्धार्थानं म्हातारा, रोगी आणि प्रेत बघितलं आणि घर सोडलं, ही जुनी कथा ते नाकारतात. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर मेलेला माणूस बघितलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ग्रंथात कारण वेगळंय. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडत होते. शाक्यांच्या संघानं युद्ध ठरवलं, सिद्धार्थानं विरोध केला, आणि त्याची किंमत म्हणून देशत्याग पत्करला. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊ भावाच्या अंगावर फावडं घेऊन जाताना ज्यानं बघितलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बुद्ध झाला तो मरणाच्या भीतीनं नाही, पाण्याच्या भांडणातून झाला. म्हणजे प्रश्न वरचा नाही, खालचा आहे. बांधावरचा आहे.

पुढं ते धर्म आणि धम्म यांतला फरक करतात. धर्म माणसाचं देवाशी नातं सांगतो, धम्म माणसाचं माणसाशी. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं शेजारी आली की ती टाळता येत नाही. देवाच्या जागी तिथं नीती आहे. मी नास्तिक म्हणून हे वाचलं आणि मला पहिल्यांदा कळलं की देव काढून टाकल्यावर जागा रिकामी ठेवून चालत नाही. रिकाम्या जागेत एकतर जुना देव परत येतो, नाहीतर पैसा येऊन बसतो.

एका गोष्टीवर मी अडखळलो. नुसती नीती पुरत नाही, ती पवित्र आणि सर्वांना लागू असली पाहिजे, असं ते म्हणतात. 'पवित्र' या शब्दावर माझा विश्वास नाही. ज्या शब्दानं आपल्याला विटाळ ठरवलं तो शब्द इथं कशाला? पण त्यांचं कारण वाचा. नीती चोरांच्या टोळीतही असते, व्यापाऱ्यांतही असते, जातभाईंतही असते. आपल्या गटापुरती ती चोख पाळली जाते आणि गटाबाहेरच्याला लुटायला मोकळी असते. म्हणून ती सगळ्यांना एक पाहिजे, आणि तिच्यात घासाघीस नको. पवित्र म्हणजे जिच्यात सौदा होत नाही ती, असा अर्थ मी लावला. चुकला असेल तर वडीलधाऱ्यांनी सांगावं.

हे पुस्तकातलं वाक्य मिल हाऊसमध्ये कसं उतरलं ते बघा. मामा गेल्यावर युनियनचा माणूस आम्हाला म्हणाला, "तो आपला सभासद नव्हता." कायमच्या कामगारांत एकी होती, वर्गणी होती, मदतनिधी होता. ठेक्याचा माणूस त्याच्या बाहेर. गावकुसाबाहेर असतो ना, तसाच. आणि आमच्यातलेही कायम झालेले याला मान डोलवत होते. जातीची नीती म्हणजे काय हे कळायला मनुस्मृती कशाला पाहिजे? पगाराची चिठ्ठी बास आहे.

शिक्षण आलं की देव जातो, असंही आपण म्हणतो. तेही तपासायला पाहिजे. वालचंदनगर हे साखर कारखान्याभोवती उभं राहिलेलं गाव. १९३० नंतरच्या दशकातलं. आज इथल्या अवजड यंत्रांच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनतात. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ उडालं. आदल्या दिवशी शास्त्रज्ञ यानाची लहान प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले होते. मी तेव्हा खूप हसलो होतो. आता हसत नाही. एवढं मोठं काम हातात असलं की माणसाला भीती वाटते, आणि भीती वाटली की तो कुठंतरी हात जोडतो. पण एक बघा. त्यांनी देवाला हात जोडले, एकही बोल्ट देवावर सोडला नाही. २०१९ ला चांद्रयान-२ चं लँडर चंद्रावर आदळलं तेव्हा देवाच्या मनात नव्हतं म्हणून फाईल बंद केली नाही. चूक कुठं झाली ते शोधलं, दुरुस्त केलं. यंत्र पडलं तर चौकशी, आणि माणूस पडला तर शांत! माझा राग देवावर नाही, या फरकावर आहे.

मग आम्ही अर्ज लिहिला. कारखाने अधिनियम १९४८, कलम २१, त्यानुसार तेव्हा फिरत्या यंत्राला कुंपण घालणं मालकावर बंधनकारक होतं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो. कायद्याचं पुस्तक मात्र कुणी उघडत नाही. अर्जावर नऊ सह्या झाल्या. पहिली सही कुणाची? आमच्या पाळीतल्या माळकऱ्याची. वारी न चुकवणारा, सत्यनारायणाला पुढं बसलेला माणूस. म्हणाला, "पांडुरंग माझा हाय, पण जाळी तर लावायलाच पायजे." आणि बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला आमचाच एक दोस्त म्हणाला, "माझं कायम व्हायचं चाललंय, मला यात घेऊ नको." मी त्याला नावं ठेवत नाही. त्याला दोन पोरं आहेत. पण त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की झाली. देव मानणं किंवा न मानणं यावरून माणूस ओळखता येत नाही. तो कुठं सही करतो यावरून येतो.

आठ दिवसांत जाळी बसली. माझी मिल हाऊसमधून ऊस यार्डात बदली झाली. मामाच्या बायकोच्या भरपाईचे कागद अजून फिरतायत. त्यात मी कुठला चमत्कार सांगत नाही.

एक दिवस आय मला म्हणाली, "देव न्हाय म्हंतोस, मग तुझा मामा गेला कुठं?"

म्हटलं, "कुठंच गेला नाही आये. संपला."

"मग त्याच्या पोरींचं कोण बघणार? वरचाच बघंल का न्हाय?"

म्हटलं, "वर कुणी नाही, म्हणूनच आपल्याला बघावं लागणार."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पायलीभर ज्वारी घेऊन मामाच्या घरी गेली. येताना मरीआईला नारळही फोडून आली. मी ज्वारीबद्दल विचारलं, नारळाबद्दल विचारलं नाही. पूर्वीचा मी असतो तर तिला बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या असत्या आणि ज्वारी बघितलीच नसती. याचा अर्थ नारळ बरोबर, असा नाही. तिच्याशी माझा वाद चालू आहे, चालू राहील. पण तो वाद तिला हरवण्यासाठी नाही.

देव नाही तर जगण्याला अर्थ काय, असं मला कारखान्यात विचारतात. मी एवढंच सांगतो. अर्थ कुणी वरून टाकत नाही. पट्ट्याखाली झाडणाऱ्या माणसाचा हात शाबूत घरी जावा, एवढ्यासाठी एक दिवस खर्च केला तर त्या दिवसाला अर्थ येतो. रोज येत नाही. पुष्कळ दिवस नुसतेच जातात.

तर दोस्तहो, कवितेबद्दल माझं म्हणणं असं. पुढची कविता पाठवण्याआधी तिच्यातला देव खोडून बघा. शिवीसकट खोडा. मागं काही उरतं का? उरलं तर ती कविता आहे. काही उरलं नाही, तर आपण इतके दिवस त्याच्याच जिवावर लिहीत होतो. मी माझी चौदा एप्रिलची कविता अशी खोडली, तेव्हा तीन ओळी उरल्या. त्यात मामाचा सदरा होता. बाकी सगळं पुन्हा लिहायला घेतलंय. त्यात जाळी आहे, तिला अडकवलेला माझा डबा आहे. देव कुठं नाही. शिवी द्यायलासुद्धा नाही.

टाळ्या पडतील की नाही माहीत नाही.

जयभीम.